चारचौघांतली नावं

हापसालूत रात्रीचे साडेअकरा.
खिडकीबाहेर उणे चौदा.
मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते, एंटर दाबते,
आणि लायब्ररी आपली नावं सांगू लागते,
नव्या मास्तरांसमोर उभ्या वर्गासारखी,
एकेक, घसा खाकरून.

नावंच फक्त.
कुठलं गणित तीनदा चुकलं,
कुठल्या ओळीपाशी ऊर्मासनं शिवी लिहून ठेवलीय,
ते घरातलं घरात.
हे साधन आत डोकावत नाही.
चारचौघांत सांगण्यासारखं तेवढं सांगतं.

पाक्सुस. म्हणजे जाडी.
घेते ठिकाण आणि तारीख, देते सेंटिमीटर.
कास्-कान्नाब. म्हणजे पेलेल का?
घेते वजन, देते हो किंवा नाही.
अशी खाली खाली जात एकोणचाळीस,
आणि मध्येच, कुणाच्या नात्यातलं नसल्यासारखं,
ओओता.
म्हणजे थांब.
घेते तारीख, देते एक आकडा.
कसला आकडा? यादीत त्याचं उत्तर नसतं.

समुद्र नीट गोठला
तर इथून हीउमा बेटापर्यंत रस्ता होतो.
सव्वीस किलोमीटर नुसता बर्फ.
पट्टा बांधायचा नाही,
पंचवीस ते चाळीसमधला वेग ठेवायचा नाही,
त्या वेगाला खालचं पाणी ताल धरतं.
गाड्या सोडण्याआधी बंदरातली माणसं
आमच्या लायब्ररीला विचारतात,
आणि आमची लायब्ररी म्हणजे खरं तर ऊर्मास,
जो निवृत्त होऊन आता
एका कानानं कमी ऐकतो आणि होड्यांना डांबर लावतो.

गेल्या वर्षी मी ओओता काढून टाकलं.
कोणी वापरत नाही, असं मला वाटलं.
मला वाटलं.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
तेव्हा मी ही यादी काढून बघत नसे.

सकाळी फोन आला. लेइडा, टपालगाडीची.
"मारिका, फळ्यावर आकडा नाही."
कुठल्या फळ्यावर?
"हेल्टरमाच्या. धक्क्यावरच्या. किती दिवस थांबायचं तो आकडा."
सहापासून नऊपर्यंत ती काठावर उभी होती,
गाडीत चौतीस पाव, दोन पेन्शनची पाकिटं,
आणि कोणाच्या तरी नातवाचे बूट.
कोणी बुडालं नाही. काही फुटलं नाही.
पाव तेवढे कडक झाले.

ऊर्मासकडे गेले. विचारलं, ओओता नेमकं करतं काय?
"बर्फ पुरेसा व्हायला किती दिवस, ते मोजतं.
मग त्यात दोन मिळवतं."
दोन कसले?
त्यानं कॉफी ढवळली, बराच वेळ, साखर नसलेली.
"लोक सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी निघतात."
आणि दुसरा?
त्यानं चांगला कान माझ्याकडून फिरवला.

ओओता परत आलं, त्याच दिवशी, त्याच नावानं.
आता दर वेळी, नवी आवृत्ती सोडण्याआधी,
मी जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर बसवते,
सोयरिकीला बसवतात तशी.
गेलेलं नाव लाल, आलेलं हिरवं.
लाल दिसलं की हात कीबोर्डवरून मांडीवर येतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं.
पण ही एकोणचाळीस बोटं मी उघडी ठेवलीत
आणि प्रत्येकाला कोणीतरी धरून चाललंय,
ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही.

आज यादीत एक हिरवी ओळ.
माझी. चाळिसावी.
वारा किती, ते सांगणारी. बरी लिहिलीय.
पण उद्या मला तिचं नाव आवडेनासं झालं तर?
तिनं एक गोष्ट जास्त मागावी असं वाटलं तर?
आणि तोवर कुठल्या तरी धक्क्यावर, कुठल्या तरी फळ्यामागे
ती खिळा ठोकून बसलेली असली तर?

मी फाईल उघडते. तिच्यापुढचा एक शब्द खोडते.
ती आत जाते, निमूट.
पुन्हा तीच ओळ, पुन्हा एंटर.
एकोणचाळीस.

फळ्यावर आत्ता सहा असेल.
म्हणजे चार. पण ते मी लेइडाला सांगणार नाही.