पेलागियाची शिडी

मंगळवारी मंत्री आले, दोन जिपा भरून.
जॉर्जियातला त्यांचा पहिलाच दिवस,
बुटांवर अजून विमानतळाची चकाकी.
मी दुभाषी. माझं काम मधे उभं राहायचं
आणि दिसायचं नाही.

आमच्याकडे भेटल्यावर म्हणतात : जय असो.
समोरचा म्हणतो : तुमचाही.
कोणावर, ते कोणी विचारत नाही.

तारेचं कुंपण इथे रातोरात सरकतं.
पेलागियाच्या परसात ते असं शिरलं
की घर अलीकडे, अक्रोडाचं झाड पलीकडे,
आणि संडास नेमका तारेवर.
"निम्मी मी परदेशी बसते," ती म्हणाली.
हे मी पुढे सांगितलं नाही.

मंत्री स्वातंत्र्यावर बोलले.
त्यांच्या भाषेत तो शब्द नाण्यासारखा गुळगुळीत,
कुठल्याही देशात वटणारा.
आमच्या भाषेत त्याची फोड करावी लागते :
आपण आपले धनी असणं.
पेलागियाने मान हलवली.
"गाय पलीकडे गेली त्याला वर्ष झालं.
धनी कोण, ते त्या शिपायाला विचारा."

मंत्री म्हणाले, आम्हांला तीव्र चिंता वाटते.
हे वाक्य मी अकरा वर्षं वाहते आहे,
ना ते जड झालं, ना हलकं.
या वेळी सांगून टाकलं : यांना रात्री झोप लागत नाही.
ती तडक आत गेली,
कसल्याशा मुळ्यांची पुरचुंडी घेऊन आली.
"उकळून द्या. वर चमचाभर मध."

मग तिने विचारलं,
हिवाळ्यात तुमची शेगडी कशावर पेटते?
गॅसवर.
आणि गॅस कुठून येतो?
मंत्र्यांनी सचिवाकडे पाहिलं,
सचिवाने घड्याळाकडे.

माझा भाऊ बेसिकी त्यांच्याच देशात
शतावरी खुडतो, वाकून, हंगामभर.
फोनवर म्हणतो, इथे कोणी कोणाला काही विचारत नाही.
सुखाने म्हणतो की कसं,
ते मला अजून लावता आलेलं नाही.

शेवटी मंत्र्यांनी विचारलं, बाई, तुम्हांला काय हवंय?
"शिडी."
ऑक्टोबरात अक्रोड झोडायला लावलेली,
सकाळी उठून पाहते तो मधे तार.
वरच्या तीन पायऱ्या नव्या आहेत,
मुलाने ठोकलेल्या, तो जायच्या आदल्या दिवशी.

मंत्र्यांनी दुर्बीण मागवली.
बराच वेळ पाहत राहिले.
पलीकडचा शिपाईही सिगारेट हातात धरून
इकडेच पाहत राहिला.
"दिसते," मंत्री म्हणाले.
मी सांगितलं : त्यांना दिसते आहे.

परतताना सचिवाने टिपून घेतलं,
रहिवाशांनी आभार मानले.
पुरचुंडी माझ्या मांडीवर, न सोडलेली,
जिपेत मातीचा वास.
गोरी शहर यायच्या आतच
मंत्र्यांना गाढ झोप लागली होती.