पानं मांडणारा

कोपलीत, चौथ्या मजल्यावर, डिसेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवस आटोपतो.
उर्वे दिवा लावते, मी स्क्रीन.

तीस वर्षांपूर्वी मी एक विंडो मॅनेजर लिहिला.
काम ऐकायला किरकोळ:
कोण वर, कोण खाली, कुणाला किती जागा,
कुणाच्या कपाळावर कुठलं नाव,
कीबोर्ड आत्ता कुणाचं ऐकणार.
पंगतीत पानं मांडणारा असतो ना, तसा. वाढपी नव्हे.
कुणाच्या पोटातला एक पिक्सेलही मी कधी रंगवला नाही.

तेव्हा सगळ्या खिडक्या एकाच फळ्यावर लिहायच्या.
घड्याळ उचलून बाजूला ठेवलं
की खालच्या पत्राला हाक जायची:
उघडं पडलंस, तेवढा तुकडा पुन्हा काढ.
पत्राला डुलकी लागलेली असली तर
घड्याळ त्याच्या अंगावरून फरफटत जायचं,
काट्यांवर काटे, लांबच लांब शेपूट.
आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

मग तावेत आला, तार्तूहून, ओल्या मोज्यांनी.
त्यानं कंपोझिटर दाखवला.
प्रत्येकानं आपलं चित्र आडोशाला पुरं करायचं,
मी ती गोळा करतो, रचतो, सावल्या घालतो
आणि डोळ्यांपुढं एकच पान धरतो.
म्हणजे माझंच काम, मी म्हणालो.
नाही, तुम्ही जागा ठरवता. मी दिसणं.

उर्वे बीट सोलत होती. हात न पुसताच आली.
बावीस वर्षं सेल्युलॉइडवर कोल्हे रंगवलेली बाई.
कोल्हा एका पारदर्शी पानावर, धुकं दुसऱ्यावर,
झाडी सगळ्यात खाली, वर कॅमेरा.
"कोल्हा सरकला म्हणून झाडी पुन्हा कोण काढतं?
हे आम्ही ऐंशी साली करत होतो.
पानं रचणारी लायने वेगळी,
कोल्हा कुठवर धावला ते तक्त्यात लिहिणारा वेगळा.
दोघांचं बोलणं नव्हतं."
टेबलावर तिच्या बोटाचा लाल ठसा.

तावेत हसला. आता दोन्ही कामं
एकाच प्रोग्रामच्या गळ्यात असतात, म्हणाला.
आणि तो मेला तर?
तर सगळंच जातं.

माझा मरायचा. आठवड्यातून दोनदा तरी.
खिडक्या तशाच उभ्या राहायच्या,
बिनचौकटीच्या, जागच्या जागी,
आतलं घड्याळ मात्र चालू.

मागल्या वर्षी ऑपरेशनसाठी तीन आठवडे मी घरात नव्हतो.
आलो तेव्हा चष्मा रेडिओवर,
बुटांची तोंडं दाराकडं,
ठेवून गेलो तशीच.
तुझ्यावाचून काही अडलं नाही, उर्वे म्हणाली.
थोड्या वेळानं म्हणाली, काही हललंही नाही.

रात्री एकट्यानं तावेतचं लावून पाहिलं.
पत्रावर घड्याळ, घड्याळाखाली मऊ सावली.
घड्याळ उचललं.
पत्र खाली होतंच,
शेवटच्या ओळीपर्यंत.
त्याला कुणी हाक मारली नव्हती.