वापरता येईल: नाही

उद्यमबागेत फौंड्रीच्या मागं, पत्र्याला पत्रा लावून
सोसायटीची सर्व्हरखोली. रात्रीचे पावणेदोन.
पलीकडं साचे फोडालेत. जळक्या वाळूचा वास
एसीच्या जाळीतून आत येऊन पंख्यांवर बसतो.
सकाळी सहाला हेस्कॉम लाईन काढणार.
त्याआधी पासबुकाचं मशीन खानापूरला न्यायचं,
म्हणजे उचलून नव्हे; ते मशीन
या मशीनच्या पोटात राहतं,
पाहुणं म्हणून.

मी यजमानाला विचारते,
तुझ्या घरी पाहुण्याला
कुठल्या कुठल्या प्रोसेसरच्या नावानं राहता येईल?
तो यादी काढतो, मारुतीचं शेपूट.
कोनरो, पेनरिन, नेहालेम, वेस्टमेअर,
सँडीब्रिज, हॅसवेल, स्कायलेक,
कंडक्टरनं दारात लोंबकळत
काकती होनगा हत्तरगी संकेश्वर म्हणावं तशी.
पण नाव तोंडपाठ असलं
म्हणून गाडी तिथं थांबते असं नाही.
प्रत्येक नावापुढं एकच रकाना:
वापरता येईल, होय.
वापरता येईल, नाही.

आणि नाहीच्या पोटात, नीट बघितलं तर,
नेमकं काय कमी पडतं त्याची नोंद.
तालुका कचेरीच्या सात खिडक्या फिरले मी,
इतका सभ्य नकार
एकीवरही मिळाला नव्हता.

हॅसवेल: नाही.
लगेच खाली, हॅसवेल, टीएसएक्स वगळून: होय.
आपली उणीव आडनावासारखी लावून
सरळ आत येणारं मॉडेल.

बाबा याच फौंड्रीत कोअर शॉपला होते.
घरी परशराम, मस्टरवर परशरामप्पा.
अप्पा कुणी चिकटवला माहीत नाही.
पगाराच्या दिवशी दोन्ही हाकांना ओ द्यायचे,
म्हणायचे, फुकटचं अक्षर आहे, असू दे गा.

खानापुरातून बसलिंगय्याचा फोन.
अक्का, इल्ला अंतैत्री.
तिकडचं जुनं डबडं नाही म्हणतंय.
मी म्हटलं, यादी वाच.
तो वाचत गेला, मी इथं बोट ठेवत गेले.
यादी तीच, ओळीला ओळ तीच.
उत्तरं सँडीब्रिजपर्यंत जुळली,
पुढं त्याच्याकडं नुसती नाही, नाही, नाही.

घोळ सापडला.
मोनाप्पा हुंदरे सरांनी जाताना
पाहुण्याच्या कागदावर लिहून ठेवलेलं:
यजमान जसा आहे तसाच.
वेग मिळतो बाई, म्हणायचे.
मिळतो की. पण ज्यानं यजमानाचं सगळंच अंगावर चढवलं
त्याला दुसऱ्या घरचा उंबरा लागतो.
आणि चालत्या पाहुण्याचा अंगरखा
बदलता येत नाही. आधी निजवावं लागतं.

दोन वाजून अडतीस मिनिटं. निजवलं.
कागदावर सँडीब्रिज लिहिलं,
दोन्हीकडं होय असलेलं शेवटचं नाव.
उठवलं.
उठल्या उठल्या त्यानं स्वतःला विचारलं, मी कोण,
आणि मी सांगितलं तेच वाचून दाखवलं,
किंचितही न अडखळता.
थोडं हळू झालंय. पासबुकाला काय फरक पडतो?
मला पडला. उगीचच
त्या हरवलेल्या खुणा मी एकदा मोजल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी ते चालता चालता गेलं,
मध्ये क्षणभर कुठंच नव्हतं.
फोनवर बसलिंगय्याचा श्वास,
मागं खानापूरची कुत्री.
मग तो म्हणाला, बंतु.
मी म्हटलं, आलं ना?
तो म्हणाला, तेच म्हणालो की.

पाहुणा गेलेल्या घरात मी एकटी.
सवयीनं पुन्हा विचारलं,
कुणाकुणाला ठेवून घेशील?
त्यानं अख्खी यादी काढली,
तितकीच लांब, एकही नाव न गाळता.
वाचता वाचता वेस्टमेअरपाशी आले
आणि लाईन गेली.
सहाला पाच कमी होते.