पासाव

आज पाण्याचा दिवस. म्हणजे रात्र.
अडीचला नळाने घसा खाकरला
आणि दाजी पेठेतली आमची गल्ली उठून बसली.
"येलालंय, येलालंय!" रेणुका मेरगूची हाक.
तिची मोटार, माझी मोटार, पलीकडे गड्डमांची,
अंधारात तीन माग सुरू व्हावेत तशा.

मी परवाच आले. पायांतून बोट अजून उतरली नाही,
जमीन किंचित हलते.
पिंपाला धरून उभी राहिले तर रेणुका म्हणते,
"अक्का, सांग की. काय बघितलंस तिकडं?"

काय सांगू.
भाच्याने नेलं, नदीतून, आठ दिवस.
या गावाला चार तास थांबा.
गळ्यात सत्तावीस नंबरचा बिल्ला, कानात बटण,
पुढे मिटलेली छत्री उंच धरून चालणारी पोरगी.
ती इंग्रजीत सांगायची, भाचा तेलुगूत,
मी मनात मराठी करून ठेवायची
तुमच्यासाठी.
तिसऱ्या वळणावर बटणाची बॅटरी संपली.
मग गाव नुसतं दिसायला लागलं.

घरं गुलाबी, पिस्ता, हळदी,
रंगकामाच्या कारखान्यामागे सूत वाळत घातलेलं असावं तशी.
बोळ असा अरुंद, की समोरासमोर दोघी घागरी घेऊन आल्या
तर एकीने मागे सरावं.
घागरी मात्र कुणाकडेच नव्हत्या.

तीन नद्या मिळतात तिथं.
एक काळपट, एक निळी, एक हिरवी,
मिळाल्यावरही थोडा वेळ आपापल्या रंगाने चालतात.
"म्हणजे घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी, तसं?"
तसंच, म्हणाले मी.
मला तिथं सुचलं नव्हतं.

नगरपालिकेच्या भिंतीवर रेघा. रेघेशेजारी साल.
पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची नोंद.
माझा हात पोचणार नाही इतक्या वर काही.
सगळ्यांत वरची पाचशे वर्षांमागची
आणि तिच्या जरा खाली, कालपरवाची, दोन हजार तेरा.
लोक फोटो काढत होते.
मी तळवा टेकवला. दगड कोरडा, उन्हाने कोमट.
"अत्ता, चल, बोट सुटेल," भाचा म्हणाला.
मला आपलं दारामागचं कॅलेंडर दिसत होतं:
पाणी आलं त्या तारखेला पेन्सिलीचा गोल,
सहाला, अकराला, मग एकदम सतराला.
त्यांनी लिहून ठेवलं कुठवर आलं.
आपण, कधी आलं.

परत आले तर पलंगावर टॉवेलचा हंस.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला किनार मारली मी,
हंस बघून गप्प बसणार होते?
मान सोडवली. टाके मोजले, इंचाला नऊ.
आमच्यात दहाच्या खाली माल परत यायचा.
लेबल कापलेलं.
आपला नसेल. पण गाठ आत दडवलेली होती,
शकुंतला बेत नव्या पोरींना शिकवायची तशीच.
मग हंस काही परत होईना.
खोली आवरणारी पोरगी आली, हसली,
दोन झटक्यांत मान उभी केली तिनं.
तिच्या बोटांना भेगा होत्या. त्यावर आम्ही दोघी बोललो नाही,
भाषाच नव्हती.

"नाव काय गं गावाचं?"
पासाव.
बिराजदार सर पाइप हातात धरून थांबले.
"जुन्या मराठीत पासाव म्हणजे पासून."
कशापासून, सर?
"ते आधीच्या शब्दावर असतं," म्हणाले,
आणि त्यांची बादली वाहून गेली.

चार वाजता धार करंगळीएवढी झाली. मग सुईएवढी.
पिंप चार बोटं कमीच.
रेणुकाने आत टॉर्च मारला:
क्षारांच्या पांढऱ्या रेघा, एकाखाली एक.
मी कधी मोजल्या नव्हत्या.
साल कशालाच नाही.

"झाकण लाव अक्का, डास बसतील."
लावलं.
पेन्सील सापडत नाहीये.