गार इंजिन

गाडी रात्रीच आणून लावा, दस्तगीर म्हणाला होता,
गरम इंजिनाचा टॅपेट खोटं बोलतो.
म्हणून काल नाना पेठेत ठेवून रिक्षानं घरी गेले
आणि आज पावणेआठला, हेल्मेट काखेत,
पुन्हा त्याच्या दारात.
जानेवारी. शटर अर्धंच वर.
समोरच्या स्पेअरवाल्यानं पायरीवर मारलेलं पाणी
वाळायचं नावच घेत नाही.

तो सिलेंडरवर उलटा हात ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि गार लागतं म्हणून मान डोलावतो.

टाकी उतरते. बोल्ट चहाच्या बशीत.
दोन टोप्या निघतात, एक मागची, एक पुढची.
बाजूचं गोल झाकण काढून टी-पान्यानं
आतलं चाक फिरवतो, हळू,
खाचेसमोर अक्षर येऊन थांबेपर्यंत.

मी म्हणाले, दोन महिने कशी छान चालत होती,
अगदी आवाजच नाही!
त्यानं पाना खाली ठेवला.
ताई, तेच तर.
वाजतो तो सैल असतो, त्याला वेळ असतो.
गप्प झाला की समजायचं आवळलाय,
जागेवर नीट बसत नाही,
आणि आतल्या आत जळतोय.

फिलरची पानं तेलकट बोटांत उलगडतात.
इनटेकला आठ, एक्झॉस्टला बारा.
मिलिमीटरचे शंभर भाग, त्यातले आठ:
माझा एक केस, जेमतेम.
आठचं पान जात नाही.
पाचचं जातं, तेही कुरकुरत.
स्क्रू किंचित सोडायचा, पान सरकवायचं,
पावतीपुस्तकातून कार्बन ओढावा तसं
निघालं पाहिजे, अडून, पण न अडकता.
मग नट आवळायचा. आवळताना फट बदलते.
पुन्हा सैल. पुन्हा पान.
तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटून घेतले.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं होतं:
मी बोलले की तो डावा गाल पुढे करतो.
फैयाज, त्याचा भाचा, दोनदा हाक मारतो,
तिसऱ्यांदा खांद्याला हात लावतो.
आणि गाडी सुरू झाल्यावर
दस्तगीर इंजिनाकडे बघतच नाही,
पोराच्या तोंडाकडे बघतो.
काय म्हणते रे?
बारीक टिकटिक, मामू. दोन्हीकडची.
बरोबर, दस्तगीर म्हणाला,
जणू आपणही तेच ऐकलं.

तुम्ही काय करता, ताई?
कान तपासते, रास्ता पेठेत, दवाखान्यात.
काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा,
ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं.
चार हजारावर लोहारांची रेघ खाली घसरते,
पत्रेवाल्यांची, ढोलपथकातल्या पोरांचीसुद्धा आता.
(टॅपेटही कुठेतरी तिथंच वाजतो.
हे मी बोलले नाही.)

तो हसला. माझे नका तपासू,
दिवसभर सायलेन्सरच्या तोंडाशी,
कायम गरम असतात.

मग सकाळी या, मी म्हणाले.
रात्रभर गार झाले की. दुकान उघडायच्या आधी.
आमच्याकडेही तसंच असतं,
गरम कान खोटं बोलतो.

हात पुसता पुसता थांबला.
फैयाजनं आधी मामाकडे, मग माझ्याकडे पाहिलं
आणि कार्ड त्यानंच घेतलं,
काळ्या अंगठ्याचा ठसा वेळेवर उमटला,
दहा ते एक. तो मी पेनानं खोडून
साडेआठ केला.

तीनशे झाले, दस्तगीर म्हणाला, जरा मोठ्यानं.

सेव्हन लव्हज चौकात सिग्नल लागला.
न्यूट्रल.
बसच्या घरघरीखाली, टेंपोच्या शिव्यांखाली
टिक टिक, टिक टिक, अगदी अलीकडे,
माझ्या गुडघ्यांच्या मधे.
अंगठा हॉर्नच्या बटणावर होता.
ऐकू आलं.
दाबलं नाही.