एकविसावा

पहिले पंधरा दिवस कॅमेरा काढलाच नाही.
घरून काडेपेट्या आणल्या, काड्या संपलेल्या.
आतलं खोकं फेकून दिलं,
बाहेरचं उरलं ते डोळ्याला लावायचं.
एवढंच दिसेल, म्हटलं. एवढंच बघा.

शीतल मगदूम म्हणाला, बाई, ह्यात काय मावतच नाही.
हरिपूरच्या रस्त्यानं येतो तो शाळेत,
चिंचांच्या सावलीतून, दगड लाथाडत.
मग एक दिवस एकाच बुंध्यापाशी घंटा होईपर्यंत थांबला
आणि वहीत लिहून घेऊन आला:
मुंगळ्यांचा वर जायचा रस्ता वेगळा,
खाली यायचा वेगळा.
उशिराची सही मी त्याच ओळीखाली केली.

कॅमेरा माझ्या भावाचा, जुना,
मागची काच फुटलेली, झाकणाला रबरबँड.
बारीक छिद्रातून बघायचं आणि दाबायचं.
कार्डात जागा एकवीस फोटोंची. मुलं वीस.
ज्याला त्याला एक. चुकलं तर चुकलं,
पुसायचं नाही.

अलमास मुलाणीनं आईची नखं आणली.
आई मार्केट यार्डात जाते, हळदीच्या पॉलिशला.
"रोज त्याच हातानं वाढती, बाई,
पण एवढी पिवळी हायत हे मला कालच कळलं.
तिला दाखवलं तर तिनं हात पदराखाली घेतला."
हे सांगताना अलमासनं स्वतःचे हात
दप्तराखाली घेतले होते.

बिरूनं नुसती जमीन आणली.
माती, थोडं गवत, एका कडेला कुणाचा तरी पाय.
ह्यात काय आहे रे?
"पेव हाय खाली. बुजलेलं.
पाय आपटला की पोकळ वाजतं."
आवाज फोटोत येत नाही,
हे मी त्याला सांगणारच होते.
मग नीट पाहिलं. तो पाय
जमिनीपासून चार बोटं वर होता.

रेवणचा फोटो लाल. सगळाच लाल.
भिंगावर बोट आलेलं, समोरून ऊन.
वर्ग हसला, तो हसला नाही.
संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाला,
"आतनं असं असतं व्हय माझं बोट."

मला वाटलं होतं, कुणीतरी पुराची रेघ आणेल.
फळ्याच्या वर हातभर,
एकोणीस साली पाणी थांबलं तिथं.
आठवडाभर मी मुद्दाम तिच्याच खाली उभी राहून शिकवलं,
भागाकार, समानार्थी शब्द, सगळं.
कुणी आणली नाही.
शेवटी विचारलंच.
"ती तर दिसतीच की, बाई."

एकविसावा माझा.
सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, उंच मागं, बुटकी पुढं.
इकडं बघा, म्हटलं, आणि दाबलं.
दुपारी संगणकावर मोठा करून पाहिला:
वीसच्या वीस माना डावीकडं वळलेल्या.
अलमासचं तोंड अर्धं उघडं,
बिरूनं दोन बोटांची चौकट करून डोळ्याला लावलेली.

तिकडं काय होतं रे?
एक म्हणाला, कुत्रं.
दोघी म्हणाल्या, न्हाई, टेम्पो होता हळदीचा,
एक पोतं फाटलेलं,
रस्त्यावर बारीक पिवळी धार.
शीतल म्हणाला, टेम्पो नंतर आला,
आधी भिंतीवरचं ऊन सरकलं.
रेवण म्हणाला, सांगून काय उपयोग.

कार्ड भरलंय. नवीन मागितलंय, येईल तेव्हा येईल.
सुट्टीत अजून कुणीतरी काडेपेटी डोळ्याला लावतं
आणि जिभेनं टिक करतं.

मी तो फोटो अधूनमधून उघडते.
डावी कड जिथं संपते तिथं बघत राहते.
मी तर तेव्हा तिथंच होते,
त्यांच्याहून चार पावलं पुढं,
एक डोळा मिटून.