खाडाखोड

एकतीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात
वजनकाट्यापाशी उभी होते.
आधी कॉड, मग कॉड संपला, मग खेकडे.
नजर मालावर ठेवायचीच नसते,
माल ठेवणाऱ्याच्या अंगठ्यावर ठेवायची.

तेवढ्यासाठीच बोलावलं असेल मला.
वैद्यक मंडळाच्या चौकशीत तिघांपैकी एक जण
डॉक्टर नसलेला लागतो.

सेंट जॉन्स, चौथा मजला, फेब्रुवारी.
समोर डॉक्टर अल्बन क्लूएट,
कोट नवा, कॉलरच्या आत दुकानाची चिठ्ठी तशीच.
मी त्यांच्या बेटावरची नव्हे;
असते तर या खुर्चीत बसूच दिलं नसतं.
पण आमच्याकडेही एकच डॉक्टर, एकच फेरीबोट,
आणि वारा सुटला की तीही नाही.

ड्रुसिला पार्डी, वय एकाहत्तर.
मंगळवारी दुपारी छातीत जळजळ म्हणून आली.
गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.
बुधवारी रात्री अकराला गेली, स्वयंपाकघरात,
केटलीखालची शेगडी चालूच.
क्लूएटच आले होते तिचे डोळे मिटायला.

मग रात्री दोन चाळीसला, घरी जाऊन,
त्यांनी मंगळवारची नोंद उघडली
आणि दोन वाक्यं घातली :
मोठ्या इस्पितळात जाण्यास सांगितले.
रुग्णाने नकार दिला.

संगणकाला झोप नसते.
त्याने वेळ लिहून ठेवली, सेकंदासकट.

त्यांच्या वकिलीणबाईंनी सव्वीस वर्षं मांडली टेबलावर.
दोनशेबारा बाळंतपणं.
बर्फावरून स्लेज ओढत नेलेला दम्याचा पोरगा.
मीठ-मासळीवर केलेले इलाज, फी म्हणून बटाटे.
सगळं खरं होतं.
खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

माझी पाळी आली. मी विचारलं,
ती वाक्यं तुम्ही कुणासाठी लिहिलीत?
वकिलीणबाई उठायला लागल्या, त्यांनी हातानंच थांबवलं.
म्हणाले, मंगळवारी जे बोलायला हवं होतं
ते लिहिलं.
मग थांबून,
दुसरं वाक्य मात्र स्वतःसाठी.

नऊ महिने परवाना बंद.
आम्ही दोन तास भांडलो त्या नऊवर.
मला बारा हवे होते, मग कुठलासा दम्याचा पोरगा
आठवला, मग ड्रुसिलाची केटली.
त्या नऊ महिन्यांत त्यांच्या बेटावर
आठवड्यातून दोन दिवस नर्स जाईल, हवामान बरं असलं तर.
तो आकडा निकालपत्रात नाही. माझ्याकडे आहे.

खाली दरवाज्यापाशी गार्लंड पार्डी उभा होता,
नवरा तिचा, टोपी हातात.
मला वाटलं शिव्या देईल, नऊच का म्हणून.
म्हणाला, परवान्याचं तुमचं तुम्ही बघा.
ती नाही म्हणाली नव्हती, बाई.
पन्नास वर्षांत इस्पितळात जायला सांगितलं
आणि ती गेली नाही, असं झालं नाही.
तेवढं पुसा.

मी पुन्हा वर गेले, कारकुनाला विचारलं.
तो पोरगा भला होता, पण नियम नियम.
रुग्णाच्या कागदातून काहीच पुसता येत नाही,
खोटंसुद्धा नाही.
वर एक रेघ येते, बाजूला तारीख,
आणि खालचं वाचता यायला हवं.

हे मी गार्लंडला येऊन सांगितलं.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, रेघ केवढी जाड?

माझ्याकडे गाडी लावल्याची पावती होती.
तिच्या पाठीवर मी लिहिलं, नकार दिला,
आणि वरून रेघ मारली.
तो वाकून बघत राहिला.
अजून एक मार, म्हणाला.

मारली.